अँडीजचं जुनं कापड बघताना चित्र सगळ्यात शेवटी बघा

ऑगस्ट २०२५ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या इंका साम्राज्याच्या काळातल्या एका किपूची बातमी जगभर फिरली. किपू म्हणजे गाठी मारून हिशेब किंवा नोंदी ठेवायचा दोऱ्यांचा जुडगा: एक मुख्य दोरी आणि तिला लोंबकळणारे अनेक दोरे. या किपूची मुख्य दोरी माणसाच्या केसांची निघाली. केस एक मीटरहून थोडे लांब होते, म्हणजे आठ वर्षांहून अधिक काळ वाढवलेले. काळ साधारण इ.स. १५००च्या आसपासचा. केसांच्या रासायनिक तपासणीत त्या माणसाचं जेवण कंदमुळं आणि भाजीपाल्याचं होतं असं दिसलं. मांस आणि मका फारसा नाही. दरबारी अधिकाऱ्याच्या ताटात हे दोन्ही असायचे. म्हणजे नोंदी ठेवणारा हा माणूस साधा असावा.

मथळे झाले ते ‘इंकांचं कोडं’, ‘गूढ गाठी’ वगैरे. खरी रंजक गोष्ट वेगळी आहे. इथे माहिती फक्त गाठींत नव्हती, दोरी कशाची आहे यातही होती. केस ज्याचे, नोंद त्याची, असा अर्थ अभ्यासकांनी लावला. अँडीजच्या डोंगररांगांत आणि त्यांच्या पायथ्याच्या वाळवंटी किनाऱ्यावर, म्हणजे आजच्या पेरू, बोलिव्हिया आणि उत्तर चिलीच्या भागात, हजारो वर्षं कापडाकडे असंच पाहिलं गेलं. कुठला तंतू, कुठल्या दिशेचा पीळ, काठ कसा, रंगांचा क्रम काय, हे सगळं बोलायचं. पक्षी, साप, मांजर ही चित्रं त्यावर नंतर यायची. आपण मात्र फोटोत आधी चित्र बघतो आणि ‘हा पक्षी कशाचं प्रतीक?’ असं विचारतो. प्रश्न चुकीचा नाही, पण क्रम उलटा आहे.

तंतू कुठला?

किनाऱ्यावर कापूस पिकायचा. त्यात पांढरा होताच, शिवाय तांबूस आणि गडद तपकिरी अशा नैसर्गिक छटांचाही. लोकर यायची वर डोंगरातून: लामा, अल्पाका आणि रानात राहणारी विकुन्या यांची. विकुन्याचा तंतू १२-१३ मायक्रॉन जाडीचा, जगातल्या सर्वांत बारीक प्राणिज तंतूंपैकी एक. ती पाळता येत नसे. माणसांची लांबलचक साखळी करून कळप कोंडायचे, लोकर कातरून पुन्हा सोडून द्यायचे. इंका काळात या हाक्यावर राज्याचा ताबा होता. अंगावर विकुन्या दिसली की माणसाचा दर्जा कळे, त्यासाठी नक्षीची गरज नव्हती.

सुती पायावर लोकरीचं भरतकाम दिसलं, तर ते कापड स्वतःच किनारा आणि डोंगर यांच्यातल्या देवघेवीची खूण आहे. यात एक तांत्रिक कारणही आहे. कापूस वनस्पतिज, त्यावर बहुतेक रंग नीट चढत नाहीत. निळा त्याला अपवाद. लोकर प्राणिज, ती रंग घट्ट धरते. म्हणून झगझगीत लाल, पिवळा, हिरवा जवळजवळ नेहमी लोकरीत सापडतो.

लालाची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी. जुना लाल एका वेलीसारख्या झुडपाच्या मुळांतून काढत. पुढे त्याची जागा कोचिनील किड्याने घेतली. हा निवडुंगाच्या फड्यावर चिकटून राहणारा बारीक किडा. मादी गोळा करायची, वाळवायची, वाटायची. एक किलो सुक्या मालाला साधारण दीड लाख किडे लागतात. लोकर आधी तुरटीच्या पाण्यात उकळून घ्यायची, नाहीतर रंग धुऊन जातो. तुरटीबरोबर किरमिजी येतो. आंबट काही घातलं की तोच रंग नारिंगीकडे झुकतो, क्षार घातला की जांभळ्याकडे, लोखंड मिसळलं की काळपट जांभळा होतो. एकाच किड्यातून इतक्या छटा नेमक्या काढता येणं ही विद्या होती. आणि लाल अंगभर असलेला माणूस किती हातांचं श्रम अंगावर घेऊन हिंडतोय, हे पाहणाऱ्याला न सांगता कळायचं.

कपड्याचं मोल केवढं, याचा एक किस्सा स्पॅनिश नोंदींत आहे. स्पॅनिशांच्या कैदेत असलेल्या अताहुआल्पा या इंका राजाच्या अंगावर रेशमाहून मऊ, गडद झगा होता. पेद्रो पिसारो या स्पॅनिश सैनिकाने विचारलं, हा कशाचा? उत्तर मिळालं, वटवाघळांच्या कातडीचा. त्या वर्णनात चित्राचा उल्लेखही नाही. राजा कोण हे सांगायला झगा पुरेसा होता.

पिळाची दिशा इतकी महत्त्वाची का?

टकळीवर काढलेला धागा उभा धरून भिंगातून बघा. तंतूंच्या तिरप्या रेघा खालून डावीकडून वर उजवीकडे जातात, किंवा उलट. पेरूच्या डोंगरातल्या कुस्को शहराच्या आसपास आजही नेहमीचा धागा एका दिशेने कातून दोन पदर उलट दिशेने पिळतात. उलट दिशा का? कारण एकाच दिशेने दोन्ही वेळा पीळ दिला तर धागा गुंडाळत जातो, गाठी पडतात. विरुद्ध पीळ एकमेकांना धरून ठेवतात.

या नेहमीच्या पद्धतीच्या अगदी विरुद्ध पीळ दिलेल्या धाग्याला तिथल्या केचुआ भाषेत ल्योके म्हणतात, म्हणजे डावा. त्यात रक्षणाची शक्ती मानतात. तो मनगटाला बांधतात, देवकार्यात वापरतात, कापडाच्या काठात घालतात. इथवर वाचून कुणी म्हणेल, ही श्रद्धा झाली. पण काठात उजवा आणि डावा पीळ शेजारी शेजारी लावला की दोन गोष्टी होतात. एक, बारीक माशाच्या काट्यासारखी रेघ उमटते. दोन, कापडाची कड वळत नाही. सगळे धागे एकाच पिळाचे असले की सुटलेलं कापड कोपऱ्यातून गुंडाळायला लागतं. विरुद्ध पीळ तो ताण खाऊन टाकतो. काठ सुरक्षित ठेवणारा धागा माणसालाही सुरक्षित ठेवतो, या समजुतीमागे विणणाऱ्याचा रोजचा अनुभव आहे. अँडीजमध्ये चिन्ह आणि तंत्र यांची अशी गाठ वारंवार दिसते. माझ्या मते या परंपरेची किल्ली तिथेच आहे.

चार काठ, आणि न कापलेलं कापड

मागावर लांबीने ताणलेल्या धाग्यांना ताणा म्हणतात आणि त्यात आडव्या घातलेल्यांना बाणा. पुढे हेच दोन शब्द वापरतो.

आपल्याकडे मागावरून कापड उतरवताना ताणा कापतात. दोन्ही टोकांना मोकळे धागे राहतात, मग गोंडे बांधा किंवा दुमडून शिवा. अँडीजचा विणकर ताणा कापत नसे. तो दोन दांड्यांभोवती अखंड फिरवून लावायचा, एका दांडीपासून विणायला घेऊन शेवटच्या बोटभर जागेपर्यंत यायचा आणि ती जागा सुईने एकेक बाणा ओवून भरायचा. हा शेवटचा भाग सर्वांत कंटाळवाणा. जागा अपुरी, धागे ताठ, बाणा नीट बसत नाही. म्हणून जुन्या कापडात एक बारीक पट्टा किंचित विरळ किंवा ओबडधोबड दिसतो. विणकाम कुठे संपलं ते तिथे कळतं.

यातून चारही बाजूंनी बंद, पूर्ण झालेलं कापड मिळतं. हवं त्या मापाचं आधीच ठरवून विणलेलं, म्हणून कात्रीचं काम नाही. पुरुषांचा उंकू, म्हणजे बिनबाह्यांचा अंगरखा, त्याची मानेची फटसुद्धा विणतानाच सोडत. बायकांची खांद्यावरची लिक्ल्या दोन सारख्या तुकड्यांची, मधे शिवलेली. विणताना एक अर्धा दुसऱ्याशी जुळवायचा. अँडीजच्या विचारात कुठलीही गोष्ट पूर्ण होते ती जोडीने, वरचं-खालचं, डावं-उजवं अशी. ही जोडी कापडात चित्र काढून दाखवलेली नाही, ती शिवणीत आहे.

बोलिव्हिया आणि उत्तर चिलीतल्या आयमारा लोकांच्या गावांत आजही कापडाला देहाचे शब्द लागू पडतात. १९७०च्या दशकात वेरोनिका सेरेसेदा यांनी चिलीतल्या इस्लुगा इथल्या धान्याच्या पिशव्यांचा अभ्यास केला. पिशव्यांवर चित्र नाही, फक्त नैसर्गिक रंगांचे पट्टे. पट्ट्यांची संख्या विषम, म्हणून मधला एक एकटा उरतो आणि दोन्ही बाजू त्याच्याभोवती सारख्या पडतात. त्या मधल्या पट्ट्याला हृदय म्हणतात. नक्षी शून्य, आणि तरी पिशवी देह आहे.

पाराकासची शाल: चित्र आलं, तेव्हा काय झालं?

आता चित्राकडे वळू. सर्वांत जुनं उदाहरण पेरूच्या उत्तर किनाऱ्यावरच्या हुआका प्रिएताचं. १९४६-४७ मध्ये ज्युनियस बर्ड यांनी तिथे हजारो सुती तुकडे काढले. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या एका तुकड्यावर पंख पसरलेला गिधाडासारखा पक्षी आहे आणि त्याच्या पोटात साप. डोळ्यांना ते दिसत नव्हतं, कारण रंग उडून गेला होता. प्रत्येक धागा कुठल्या बाजूला सरकवला आहे हे भिंगाखाली मोजून कागदावर उतरवल्यावर आकृती वर आली. रंग गेला तरी रचना राहिली. याच जागेच्या सुमारे ६,००० वर्षांपूर्वीच्या कापडात निळीचा रंग सापडल्याचं २०१६ मध्ये जाहीर झालं. निळीच्या वापराचा हा जगातला ज्ञात सर्वांत जुना पुरावा.

पक्ष्याच्या त्या तुकड्यानंतर दोनेक हजार वर्षांनी दक्षिण किनाऱ्यावर पाराकास संस्कृती आली. १९२७ मध्ये खुलिओ सेसार तेयो यांनी पाराकास द्वीपकल्पावरच्या वारी कायान स्मशानात ४२९ गाठोडी शोधली. प्रत्येक गाठोड्यात बसवलेला मृतदेह, भोवती कापडाचे थर. पाऊस जवळजवळ पडतच नाही अशा कोरड्या वाळूत ते कापड दोन हजार वर्षं टिकलं. डोंगरातलं त्या काळचं बहुतेक कापड ओलाव्याने कुजून गेलं. म्हणूनच आपल्या माहितीचा तोल किनाऱ्याकडे झुकलेला आहे.

या शालींवर माणसासारख्या पण पूर्ण माणूस नसलेल्या आकृत्या भरलेल्या आहेत. मान मागे टाकलेली, केस मोकळे, एका हातात पंखा किंवा काठी, दुसऱ्यात कापलेलं डोकं. काहींच्या पाठीला पक्ष्याचे पंख, काहींच्या अंगातून फुटलेलं रोपटं. डोक्यातून किंवा तोंडातून निघणारा वेल पाराकासमध्ये आणि पुढच्या नाझ्का कलेत इतक्यांदा येतो, की कापलेलं डोकं आणि पेरलेलं बी यांचा संबंध ते जोडत असावेत असं बहुतेक अभ्यासक मानतात. मृताला गुंडाळून जमिनीत ठेवण्याच्या कापडावर हे असावं, यात आश्चर्य नाही.

टाका एकच, देठटाका. सुई पुढे चार धाग्यांवरून, मागे दोन धाग्यांखालून, पुन्हा पुढे चार. लाखो टाके असेच. कडेला बाह्यरेषा आधी भरायची, मग आतला रंग. अर्धवट राहिलेल्या शाली सापडल्या आहेत म्हणून कामाचा हा क्रम नेमका कळतो.

आता एक शाल जवळून बघू. मधल्या भागात ओळी आणि रकान्यांत एकच आकृती पुन्हा पुन्हा येते. पण एक सरळ, शेजारची उलटी. एकीचं तोंड डावीकडे, पुढचीचं उजवीकडे. रंग बदलतात ते तिरप्या रेषेत. समजा चार रंगजोड्या आहेत. पहिल्या ओळीत त्या १, २, ३, ४ अशा येतात. दुसऱ्या ओळीत एक घर सरकून ४, १, २, ३. एकच रंगजोडी मग तिरकी चालत जाते. दुरून पाहणाऱ्याला पक्षी किंवा पुजारी दिसत नाही, तिरपे पट्टे दिसतात. मेरी फ्रेम या अभ्यासिकेने १९८०च्या दशकात दाखवलं, की पाराकासच्या काठांवरचे एकमेकांत गुंतलेले साप आणि मासे प्रत्यक्षात पिळलेल्या दोऱ्यांच्या, वेणीच्या आणि जाळ्याच्या आकृत्या आहेत. कापडावर चित्र आहे कशाचं? धागा धाग्यात कसा जातो, त्याचं. साप हे निमित्त.

वारी: दिसेनाशी होणारी आकृती

इ.स. ६०० ते १००० या काळात डोंगरातलं वारी राज्य पसरलं (मघाचं वारी कायान स्मशान वेगळं). त्यांचे अंगरखे ज्या पद्धतीने विणले, ती महाराष्ट्रातल्या वाचकाला परकी नाही. पैठणीच्या पदरात मोराचा प्रत्येक रंग आपापल्या कांडीवरून फक्त आपल्या हद्दीपुरता जातो आणि शेजारच्या रंगाशी अडकून परत फिरतो. म्हणून पदर उलटसुलट सारखाच दिसतो. वारीचं विणकाम तसंच आहे, फक्त ताणा सुती आणि बाणा लोकरीचा. बाणा इतका दाबून बसवलेला की ताणा दिसतच नाही. चांगल्या नमुन्यांत सेंटिमीटरला पन्नासहून अधिक बाणे भरतात. एका अंगरख्याला कित्येक किलोमीटर धागा लागे.

वारी विणकर एक आकृती घ्यायचा, बहुधा हातात काठी घेतलेली पंखवाली व्यक्ती, आणि अंगरख्याच्या कडेकडे जाताना तिला आडवी आवळत न्यायचा. एका रकान्यात चेहरा ओळखू येतो. कडेच्या रकान्यात तोच चेहरा दोन बोटांच्या उभ्या चिरफळ्यांत उरतो, फक्त अर्धा काळा अर्धा पांढरा डोळा हीच खूण. मधेच एखाद्या आकृतीचा रंग ठरलेल्या क्रमाला सोडून वेगळा येतो. इतक्या काटेकोर हाताकडून ती चूक असणं अवघड. जाणकारालाच कळावं असा हा खेळ होता, आणि तो खेळ खेळू शकणारा माणूस सामान्य नव्हता. चिन्ह जितकं अवघड, तितका घालणारा मोठा.

इंका: कापड म्हणजे सरकार

पंधराव्या शतकात इंकांनी हा वारसा राज्यकारभाराला जुंपला. साधं कापड घरोघरी विणून द्यावं लागे, लोकर राज्याकडून. उत्तम कापड, कुंपी, खास लोक विणत: निवडून वेगळ्या ठेवलेल्या स्त्रिया आणि पुरुष कारागीर. राजा ते बक्षीस म्हणून देई. जिंकलेल्या सरदाराला पहिली भेट कपड्यांची. ती अंगावर घालणं म्हणजे राज्य मान्य करणं. कोठारं कापडाने भरलेली असत, आणि माघार घेताना इंका सैन्य ती जाळून टाकी, म्हणजे शत्रूच्या हाती लागू नयेत. स्पॅनिश लोक सोनं शोधत होते तेव्हा इंका कापड वाचवत होते.

१५३२ मध्ये पेरूतल्या काखामार्का शहरात अताहुआल्पाचं सैन्य आलं, तेव्हा पुढच्या रांगेने बुद्धिबळाच्या पटासारखे चौकडीचे कपडे घातले होते, असं फ्रान्सिस्को दे खेरेस या प्रत्यक्षदर्शीने लिहिलं आहे. असे काळ्या-पांढऱ्या चौकडीचे, गळ्याशी लाल पायऱ्यांचा त्रिकोण असलेले अंगरखे आज संग्रहालयांत आहेत. त्यांची मापं आणि रचना एकमेकांशी इतकी जुळते की ते ठरलेल्या नमुन्यावरून विणले गेले हे स्पष्ट आहे. गणवेश म्हणतात तो हाच.

अंगरख्यावरच्या भौमितिक नक्षीच्या छोट्या चौकोनाला तोकापू म्हणतात. मोठ्या लोकांच्या अंगरख्यांवर ते कमरेच्या पट्ट्यात येतात. वॉशिंग्टनच्या डम्बार्टन ओक्स संग्रहातला एक अंगरखा मात्र पूर्ण तोकापूंनी भरलेला आहे. साधारण ९० सेंटिमीटर लांब, ७७ रुंद. त्यावर तीनशेहून अधिक चौकोन आहेत, वेगळ्या नक्षी मात्र वीस-पंचवीसच. त्यातली एक नक्षी म्हणजे तोच सैनिकी अंगरखा, चौकडी आणि लाल गळ्यासकट, अंगठ्याएवढा. गणवेशाचं चित्र राजाच्या कपड्यावर आलं: सैन्य माझं. बाकीच्या चौकोनांकडेही असंच बघावं, की हे लोक, हे प्रदेश, हे अधिकार मी अंगावर घेतले आहेत, असा तर्क सर्वमान्यतेच्या सर्वांत जवळ आहे.

मग तोकापू ही लिपी का नाही?

तोकापू ही लिपी आहे हा दावा १९६०-७०च्या दशकापासून अधूनमधून येतो आणि समाजमाध्यमांवर आता जोरात आहे. लिपी असेल तर काही गोष्टी दिसायला हव्यात. चिन्हांचे ठरावीक गट वेगवेगळ्या कपड्यांवर त्याच क्रमाने यायला हवेत. काही चिन्हं सुरुवातीला, काही शेवटी अशी ओढ हवी. डम्बार्टन ओक्सच्या अंगरख्यावर हे दिसत नाही. चौकोन कधी तिरपे मांडलेले, कधी विखुरलेले, कुठल्या दिशेने वाचायचं तेही ठरत नाही. दुसरं असं, की नोंदी ठेवण्याचं काम इंकांकडे दोऱ्यांवर होतं, निदान आकड्यांचं तरी. किपूची दशमान पद्धत लेलँड लॉक यांनी १९१२ मध्ये उलगडली: दोऱ्याच्या तळाशी एककं, वर दहा, शंभर. एककासाठी लांब गाठ, तिचे वेढे मोजायचे. एक या आकड्याला मात्र आठच्या आकाराची गाठ, कारण एका वेढ्याची लांब गाठ साध्या गाठीसारखीच दिसते. दशकांना साध्या गाठी. शून्याला रिकामी जागा. इतकी नेमकी व्यवस्था हाताशी असताना वाक्यं अंगरख्यावर विणायची गरज काय?

तोकापू अर्थहीन मात्र नाहीत. गणवेशावरचे पट्टे आणि तारे लिपी नसतात, तरी हवालदार कोण आणि फौजदार कोण हे कळतं.

पायऱ्यांची नक्षी मागामुळे येते, त्यात कसलं प्रतीक?

हा आक्षेप रास्त आहे आणि अर्धा खराही. आडव्या-उभ्या धाग्यांत तिरकी रेघ सरळ येत नाही, ती दातेरी येते. रंग सांधायला सोपं जावं म्हणून विणकर पायऱ्या करतोच. पण मग हीच पायरी मातीच्या भांड्यांवर, दगडी भिंतींत आणि सोन्याच्या पत्र्यावर का आहे? कुंचल्याला किंवा छिन्नीला अशी अडचण नसते. मागाने दिलेला आकार इतर सगळ्या कलांनी उचलला. आणि उलटही आहे: पाराकासच्या भरतकामात सुई हवी तशी वळू शकते, वळते सुद्धा. तरी तिथल्याच एका शैलीने मुद्दाम सरळ, ताठ, चौकटी आकृत्या ठेवल्या. सोय म्हणून आलेली गोष्ट निवड म्हणून टिकली की ती चिन्ह होते.

हे अर्थ अभ्यासकांनी चिकटवलेले तर नाहीत?

काही नक्कीच आहेत. पुराव्याचे तीन प्रकार वेगळे ठेवले तर गोंधळ कमी होतो. पहिला, त्या काळच्या नोंदी: स्पॅनिश वृत्तांत, आणि १६१५च्या सुमारास अँडीजमधला लेखक गुआमान पोमा याने काढलेली राजांची चित्रं, ज्यांत कुठला अंगरखा कोणाचा हे दिसतं. हे इंकांपुरतं भक्कम. दुसरा, कापडातून स्वतः मोजता येणारं: पीळ, क्रम, सममिती, तंतू. हे कुठल्याही काळाला लागू आणि तपासता येण्यासारखं. तिसरा, आजच्या विणकरांनी दिलेली नावं. कुस्कोजवळच्या चिंचेरोत आजही लोरायपू नावाची नक्षी गावाची ओळख आहे. नागमोडी रेघेला वाहती नदी म्हणतात, चौकोनी ठिपक्याला डोळा, हिऱ्याच्या आकाराला तळं. ही नावं खरी, पण आजची. दोन हजार वर्षांपूर्वीच्या पाराकास शालीवरच्या हिऱ्याला ‘तळं’ म्हणणं म्हणजे अंदाज. पर्यटकांच्या दुकानात कुठल्याही पट्ट्याला ‘प्राचीन इंका प्रतीक’ म्हणून विकतात, तिथे हे तीन प्रकार एकत्र कालवलेले असतात.

चिन्हांची ताकद किती खरी होती, याचा एक पुरावा मात्र वादातीत आहे. तुपाक अमारू दुसरा याने स्पॅनिश राजवटीविरुद्ध उठाव केला, तेव्हा १७८१ मध्ये स्पॅनिश अधिकारी आरेचे याने इंका पद्धतीचा पोशाख घालायला बंदी केली. नेता पकडून मारला गेला, तरी अंगरख्याची भीती उरली होती.

फोटो किंवा संग्रहालयात बघताना

आधी काठ मोजा. चारही बाजू बंद असतील तर कापड पूर्ण आहे. एखादी बाजू सुटलेली किंवा कापलेली दिसली तर तो तुकडा आहे, आणि बहुधा कबर फोडणाऱ्यांनी विकायच्या सोयीने फाडलेला. तुकड्यावरून रंगांच्या क्रमाचा अर्थ काढू नका, कारण क्रम किमान दोन-तीन ओळी दिसल्याशिवाय कळत नाही. मग तंतू बघा: चमक आणि गडद रंग असेल तर लोकर, मंद पांढरा-तपकिरी असेल तर कापूस.

काळपट तपकिरी जागी छिद्रं किंवा उघडा ताणा दिसला तर ती किडीची करणी समजू नका. लोखंड घालून रंगवलेला धागा काळाबरोबर कुजतो आणि आजूबाजूचे रंग टिकतात. पाराकासच्या काही आकृत्यांची बाह्यरेषा अशीच गळून गेली आहे आणि त्या आकृत्या मूळच्यापेक्षा मवाळ वाटतात.

अंगरखा असेल तर छायाचित्र नव्वद अंशांत फिरवून पाहा. इंका आणि वारी अंगरखे मागावर आडवे विणले जात, म्हणजे घातल्यावर ताणा अंगाला आडवा जातो. विणकर सगळ्या आकृत्या कुशीवर पडलेल्या बघत विणत होता आणि त्या उभ्या दिसायच्या फक्त माणसाच्या अंगावर. जुन्या पुस्तकांत काही तुकडे विणण्याच्या दिशेने छापलेले आहेत, त्यामुळे काठी धरलेला देव आडवा झालेला दिसतो. मानेची फट किंवा कडेची शिवण सापडली की तो कुठल्या बाजूने उभा राहतो ते ठरवता येतं.